गहू फुकट, भाकर महाग!

रेशनच्या दुकानातून दर महिन्याला फुकट मिळणारा गहू ज्या लेकराच्या आतड्याला सोसत नाही, त्याच्या मायबापाने काय करावे? हा प्रश्न आज आम्ही शासनापुढे आणि त्याहीआधी आपल्या समाजापुढे ठेवत आहोत. बेरोजगारी, शिष्यवृत्ती, अत्याचार एवढे मोठे प्रश्न पुढ्यात असताना वकीलसाहेब गव्हाचे काय घेऊन बसले, असे काही कार्यकर्ते म्हणतील. २०२२ सालापर्यंत आम्हीही हेच म्हटले असते. त्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात चालत आला आणि पुढच्याच वर्षी गावाकडे, आमच्या धाकट्या भावाच्या घरात जाऊन बसला. आजार एकच होता, पण या दोन घरांत त्याने दोन वेगळी रूपे दाखवली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची धाकटी मुलगी तेव्हा ९ वर्षांची होती. शाळेच्या प्रार्थनेला ती रांगेत सर्वांत पुढे उभी असायची, कारण तिची उंचीच वाढत नव्हती. पोट फुगलेले, हातपायांच्या काड्या, वरचेवर जुलाब आणि चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. एका डॉक्टरांनी जंताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी लोहाचे औषध दिले, तिसऱ्यांनी टीबीची शंका घेतली. विदर्भात आपल्या समाजातले लेकरू पांढरे पडले की आधी सिकलसेलची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. तीही झाली, पण त्यात काही निघाले नाही. शेजारपाजारचे म्हणाले, नजर लागली, कुणाला तरी दाखवा. आम्ही त्या वाटेने गेलो नाही. पण आम्ही जे केले तेही काही शहाणपणाचे नव्हते. अंगात रक्त भरावे म्हणून आम्ही तिला तूप लावलेली पोळी, रव्याची खीर, शेवया, बिस्किटे आग्रहाने खाऊ घालत होतो आणि नेमके तेच तिला आतून पोखरत होते. यात तीन वर्षे गेली.

अखेर एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी साधा प्रश्न विचारला. एवढे महिने लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नसेल, तर ते औषध शरीरात शिरते तरी आहे का? त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. ती सदोष आली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि निदान झाले, सिलिअॅक आजार. लोक याला 'गव्हाची अॅलर्जी' म्हणतात, पण ही अॅलर्जी नव्हे.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिवटपणा येतो, पाव स्पंजासारखा फुगतो, तो या ग्लुटेनमुळे. बहुतेक लोकांना त्याचा काही त्रास नाही. परंतु विशिष्ट जनुके असलेल्यांपैकी काही थोड्या लोकांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लुटेन पोटात जाताच आपल्याच लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातला कस तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की माणूस दोन पोळ्या खावो की सहा, अंगी काही लागत नाही. त्यातून रक्त कमी होते, वाढ खुंटते, हाडे ठिसूळ होतात. मुलींची पाळी उशिरा येते. काही स्त्रियांचे गर्भ टिकत नाहीत आणि मग दोष त्या बाईच्या नशिबाला दिला जातो. काहींना तर जुलाबही होत नाहीत, केवळ न हटणारा रक्तक्षय एवढीच खूण असते. हा आजार संसर्गाचा नाही. लहानपणीही निघतो आणि चाळिशीतही निघतो.

याचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखे आहे. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशा मुलांना गव्हाने त्रास होतो अशी शंका त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. इतर मुले भुकेने खंगत असताना ही आजारी मुले सुधारताना दिसली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. डिके यांनी पद्धतशीर अभ्यास करून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून आजपर्यंत या आजाराचा उपचार एकच राहिला आहे, तो म्हणजे गहू, जव आणि राय आयुष्यभर पूर्णपणे बंद. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. येथे औषध म्हणजे अन्न. आणि औषधच जर अन्न असेल, तर ते पुरवण्याची जबाबदारी दवाखान्यापाशी संपत नाही. ती रेशनच्या दुकानापर्यंत, वसतिगृहाच्या मेसपर्यंत आणि पंगतीपर्यंत जाते. आमचा मुद्दा तोच आहे.

आमच्या घरी हा उपचार जमला. गहू घरातून हद्दपार केला. नवा तवा घेतला, नवे पोळपाट-लाटणे घेतले. चक्कीवर गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर त्या पिठात गहू येतोच, म्हणून घरगुती छोटी चक्की आणली. हिंगाच्या डबीत गव्हाचे पीठ असू शकते हे आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर कळले. सातूचे पीठ, रवा, मैदा, शेवया, नूडल्स, टोस्ट सर्व बंद झाले. त्याऐवजी ज्वारी-बाजरीची भाकर, भात, मका, नाचणी, राजगिरा, वरई, डाळी, अंडी, मटण, मासळी, दूध. पाहता पाहता लक्षात आले की हे तर आमच्या आजीचे ताट! ज्या भाकरीची आम्हाला कॉलेजच्या डब्यात लाज वाटत होती, जी सोडून पोळीवर आलो तेव्हा आपण सुधारलो असे वाटले होते, तीच भाकर आमच्या मुलीचे औषध ठरली. वर्षभरात तिचे हिमोग्लोबिन अकरावर गेले आणि प्रार्थनेच्या रांगेत ती चार मुलींच्या मागे सरकली.

आता दुसरे घर. डॉक्टरांनी सांगितले होते की रुग्णाच्या आईवडिलांची आणि भावंडांची तपासणी करावी, कारण रक्ताच्या नात्यात हा आजार अधिक आढळतो. आमचे रिपोर्ट निर्दोष आले. पण गावाकडे भावाचा मुलगा तसाच खुरटलेला, तसाच पांढरा. आम्हीच पैसे देऊन त्याची तपासणी केली आणि निदान तेच निघाले. भाऊ शेतमजूर, घरात पाच माणसे, प्राधान्य कुटुंबाचे कार्ड. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य, त्यात गहू आणि तांदूळ. गहू फुकट, पण मुलाला चालत नाही. ज्वारी चालते, पण ती बाजारातून किलोला चाळीस-पन्नास रुपये देऊन घ्यावी लागते. घरात चूल एक, तवा एक, परात एक. एकासाठी भाकर आणि चौघांसाठी पोळी केली तर त्याच तव्यावरून, त्याच हातांनी गहू पुन्हा त्याच्या पोटात जातो. म्हणजे सर्वांनीच भाकर खायला हवी. तेवढी ज्वारी घ्यायची तर महिन्याला दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. रेशनचा गहू विकून ज्वारी घ्यावी तर कार्ड जाण्याची भीती. चक्कीवाला म्हणतो, तुमच्या पाच किलोंसाठी मी दगड कसे धुऊ? शेवटी आमच्या मायने माळ्यावर पडलेले जाते खाली काढले, स्वच्छ घासून घेतले आणि नातवासाठी सत्तरीच्या वयात पुन्हा दळायला बसली. मायच्या हातांची आम्हाला कृतज्ञता आहे. पण एका म्हातारीच्या मनगटावर एका लेकराचा उपचार चालावा, ही शासनाला शोभणारी गोष्ट आहे काय?

हा श्रीमंतांचा, परदेशी लोकांचा आजार आहे, असा एक समज पसरवला जातो. तो खोटा आहे. भारताच्या तीन भागांतील २३ हजारांवर प्रौढांची तपासणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तात या आजाराची प्रतिपिंडे असण्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराला लागणारी जनुके मात्र तिन्ही भागांत जवळपास सारख्याच प्रमाणात होती. उत्तरेत गहू कितीतरी अधिक खाल्ला जातो. ईशान्येत गहू कमी खाऊनही आजार आढळला, म्हणजे गहू हेच एकमेव कारण नव्हे. तरीही भाकर सोडून झपाट्याने पोळीकडे वळलेल्या महाराष्ट्राने या आकड्यांकडे डोळेझाक करू नये. श्रीमंतांचा आजार हा समज होण्याचे कारण एवढेच की श्रीमंतांचे निदान होते. गरिबाच्या लेकराला 'कुपोषित' म्हणून वहीत नोंदवले जाते. मग त्याला पोषण आहार म्हणून पुन्हा गव्हाचाच पदार्थ दिला जातो आणि तरीही वजन का वाढत नाही म्हणून त्याच्या मायवर डोळे वटारले जातात.

आता कायद्याचे पाहू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ मध्ये 'अन्नधान्य' या शब्दाच्या व्याख्येत तांदूळ, गहू आणि भरडधान्य तिन्ही आहेत. मूळ अनुसूचीत तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. याच कायद्याच्या कलम १२ मध्ये रेशनवरील वस्तूंत टप्प्याटप्प्याने विविधता आणण्याची गोष्ट लिहिलेली आहे. म्हणजे ज्वारी-बाजरी रेशनवर द्यायला नवा कायदा नको, घटनादुरुस्ती नको, हवी आहे फक्त दानत. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने जनतेचे पोषण आणि आरोग्य उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. २००१ साली सुरू झालेल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळेच शाळाशाळांत शिजवलेले अन्न पोहोचले. मग ज्या नागरिकाला दिलेले धान्य त्याच्या शरीराला घातक आहे, त्याचा अन्नाचा हक्क पूर्ण झाला असे म्हणता येईल काय? कागदावर त्याला ५ किलो मिळाले. प्रत्यक्षात गव्हाचा वाटा त्याच्या दृष्टीने शून्य.

आमच्या वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. तेव्हा अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, ती 'मिलो', याच महाराष्ट्रात लोकांना खाऊ घातली गेली. संकटात परदेशी ज्वारी वाटता येते, तर आपल्या शेतकऱ्याची ज्वारी हमीभावाने घेऊन का वाटता येत नाही? अधूनमधून काही ठिकाणी ज्वारी वाटली गेली, पण अधूनमधून दिलेले औषध हे औषध नसते. विदर्भात सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीचे शेत गिळले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, सरकारने ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' अशी पदवी दिली. भाकरीच्या नावापुढे 'श्री' लागला आणि भाकर पंचतारांकित हॉटेलात जाऊन बसली! गरिबाच्या ताटात ती परत यावी म्हणून काय केले, हे कुणी सांगेल काय? इटलीने २००५ साली कायदा करून अशा रुग्णांच्या ग्लुटेनमुक्त अन्नासाठी शासकीय मदतीची तरतूद केली आणि २०२३ साली मुलांच्या तपासणीचाही कायदा केला. आम्ही इटलीएवढे मागत नाही. आम्ही फक्त एका धान्याच्या जागी दुसरे धान्य मागत आहोत.

शासनाला जाब विचारला, तसा आपल्या समाजालाही विचारला पाहिजे. मुलीचे पथ्य सुरू झाल्यावर आम्ही नातेवाइकांकडे तिचा डबा घेऊन जाऊ लागलो. एका घरी भावजय चिडून म्हणाल्या, "वकिलाच्या पोरीले आमच्या घरची पोळी नाही चालत का आता?" त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाच्या हातचे पाणी शतकानुशतके नाकारले गेले, त्याला आपले अन्न नाकारले जाणे जिव्हारी लागणारच. वेगळे भांडे, वेगळी पंगत, वेगळा तवा हे शब्दच आपल्याला भाजतात. चवदार तळ्याचा संगर ज्यांनी केला त्यांची आपण लेकरे.

त्यानंतरच्या १४ एप्रिलला वस्तीत पुरी-भाजीची पंगत होती. कार्यकर्त्या ताईंनी काळजीपोटी आमच्या मुलीला बाजूला सतरंजी घालून दिली, कुणाचे पीठ-पुरी तिच्या ताटात पडू नये म्हणून. ती तिथे आपला डबा उघडून एकटी बसली. तेवढ्यात वस्तीतले ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत आले आणि सर्वांसमोर गरजले, "या पोरीले वेगळं कोनं बसवलं?" ताई घाबरल्या. आम्ही आजोबांना सर्व समजावून सांगितले. हे वेगळेपण कुणाच्या सोवळ्यासाठी नाही, पोरीच्या जिवासाठी आहे, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मले शाळेत असंच बाहेर बसवत. कारण काही का असेना, एकट्याने जेवणाऱ्या लेकराले ते सारखंच लागते. पोरीले भाकर चालते ना? मंग सगळ्याइलेच भाकर करा."

पुढच्या वर्षीपासून आमच्या वस्तीच्या जयंतीच्या पंगतीत वरण, भात, भाकर आणि भाजी असते. पीठ आमच्या घरच्या चक्कीवर दळतो, हिंग घालत नाही. मुलगी मैत्रिणींच्या मांडीला मांडी लावून जेवते. भगवान बुद्धांनी पोटाच्या आजाराने पडलेल्या, कुणी न विचारलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुऊन निजवले आणि आजाऱ्याची सेवा हे संघाचे कर्तव्य ठरवले, ही विनयातली कथा आपण विहारात ऐकतो. आमच्या वस्तीने ती पंगतीत आणली.

त्या आजोबांनी आम्हाला जे शिकवले तेच आमच्या मागणीचे सूत्र आहे. आजाऱ्याला वेगळे ताट देऊ नका, सर्वांच्या ताटात तो जेवू शकेल असे अन्न आणा. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, जो कार्डधारक मागेल त्याला गव्हाऐवजी ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ घेण्याचा पर्याय द्या. केवळ प्रमाणपत्र आणणाऱ्यालाच द्याल तर ज्यांचे निदानच झाले नाही ते हजारो उपाशीच राहतील. दुसरी, टीटीजी तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत करा आणि लोहाचे औषध देऊनही ज्याचे रक्त वाढत नाही त्या प्रत्येक लेकराची ती करा. सिकलसेलच्या तपासणीत काही निघाले नाही म्हणजे शोध संपला असे समजू नका. तिसरी, अंगणवाडी, आश्रमशाळा आणि मागासवर्गीय वसतिगृहांत भाकर-भाताची सोय लेखी आदेशाने करा. वसतिगृहात पोळीच मिळते म्हणून उद्या आमच्या एखाद्या मुलीला शिक्षण सोडावे लागले, तर ते आजाराने झाले असे आम्ही मानणार नाही. चौथी, अन्नपदार्थांच्या वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख करण्याचा २०२० सालच्या नियमावलीतला दंडक आहेच. तो गल्लीतल्या दुकानापर्यंत पाळला जातो की नाही ते पाहा.

वाचकांना दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. एक, हा लेख वाचून कुणी उगाच गहू सोडू नये. ज्याला हा आजार नाही त्याला गव्हाची भीती बाळगण्याचे कारण नाही. शंका असेल तर आधी तपासणी करा, मग पथ्य. तपासणीपूर्वीच गहू बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो. दुसरी, निदान झालेले असेल तर डॉक्टरांचा कागद जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यानंतर राज्य अन्न आयोग आहे. भावाच्या कार्डाचा असा अर्ज आम्ही स्वतः दाखल केला आहे. एक अर्ज फाइलमध्ये दबतो. शंभर अर्ज दबत नाहीत.

आमची माय अजून जाते ओढते आहे. ते जाते पुन्हा माळ्यावर जावे आणि रेशनच्या दुकानातून भावाच्या दारात ज्वारीचे पोते यावे, यासाठीच हा अर्ज आणि हा लेख. जयभीम!